बांधाची सुकी बाजू

मालवणच्या बाजारपेठेत दुकानांच्या पाट्या माणसाच्या उंचीचा विचार करून लावायची पद्धत अजून आलेली नाही. त्यामुळे सुरमई थाळीची लोखंडी पाटी विश्वेश परुळेकरच्या कपाळावर आपटली, तेव्हा कुणालाच, अगदी त्यालाही, त्यात काही अन्याय झाला असं वाटलं नाही. मागून येणाऱ्या मोटारसायकलला वाट द्यायला म्हणून तो खानावळीच्या पायरीवर चढला होता. पाटी तिथंच होती, असायची तशी. तो पायरीवरच बसला. वर पाटी झुलत होती आणि तिच्यावरची सुरमई, जिला रंगाऱ्यानं का कोण जाणे पापण्या काढल्या होत्या, त्याच्याकडे बघत होती. खानावळवाल्यानं आतून सोलकढीचा पेला आणला आणि "घेवा, बरा वाटात," म्हणून त्याच्या हातात दिला. मालवणात सोलकढी हे पहिलं औषध, आणि बहुतेक दुखण्यांत शेवटचंही. विश्वेशला खरोखरच बरं वाटलं. प्रकरण तिथंच मिटायचं. पण त्याची बायको ऋता हायस्कुलात विज्ञान शिकवते आणि 'काय होणार नाही' या वाक्यावर तिचा विश्वास नाही. संध्याकाळी त्याला एक उलटी झाली, त्यासरशी तिनं त्याला कुडाळला नेलं आणि डोक्याची तपासणी करून घेतली. कपाळाला काहीही झालेलं नव्हतं. पाटी निर्दोष सुटली. पण कपाळापासून बरंच आत, डाव्या बाजूला, एका रक्तवाहिनीला जिथं फाटा फुटतो त्या बेचक्यात एक फुगवटा सापडला, मिरीच्या दाण्याहून जरासा मोठा. त्याचा पाटीशी, सुरमईशी किंवा मोटारसायकलशी काडीचा संबंध नव्हता. तो तिथं किती वर्षं मुकाट राहत होता देव जाणे. कधी तरी फुटला असता तर विश्वेशला तो होता हे कळायलाही सवड मिळाली नसती. आता फुटलेला नव्हता आणि कळलेलं होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात घेऊन त्याला सकाळी ऑफिसला जायचं होतं.

"परुळेकराच्या डोक्यात फुगो गावलो" ही बातमी त्याच्याआधी ऑफिसात पोचली होती. खारभूमी खातं हे एरवी बातम्यांचं खातं नव्हे. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचे बांध घालायचे, भरती-ओहोटीची दारं, म्हणजे उघाड्या, दुरुस्त ठेवायच्या आणि उरलेल्या वेळात बांध फुटला तर तो आपल्या हद्दीतला नव्हता हे सिद्ध करायचं, एवढंच तिथलं काम. शाखा अभियंता म्हणून विश्वेशनं ते इमानानं केलं होतं. त्या दिवशी मात्र शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलले, मोठ्यानं बोललं तर ते आत ऐकू जाईल अशा बेतानं. फक्त भाईचा आवाज बदलला नाही. भाई हा त्याचा थोरला चुलतभाऊ. तारकर्लीला घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो आणि राहिलेला दिवस नातेवाइकांना.

"तुझ्या डोक्यात काय तरी आसा, ह्या माका ल्हानपणापास्ना म्हायती होता," संध्याकाळी घरी आलेला भाई ओट्यावर बसत म्हणाला. "फकत माका वाटलेला, अक्कल आसात."

"भाईनू, मस्करी पुरे," ऋता म्हणाली.

"मस्करी खंय करतंय गो? गाडी धुवन ठेवलंय. सोमवारी गोव्याक जावया. थंय मोठी डॉक्टरीण आसा म्हणतत."

मोठी डॉक्टरीण वयानं विश्वेशच्या हाताखालच्या कनिष्ठ अभियंत्याएवढी निघाली. दिव्या कामत तिचं नाव. कोकणीच्या हेलात शुद्ध मराठी बोलायची आणि घाबरवायचं असेल तिथं न घाबरवता थांबायची. तिनं सांगितलं की दोन वाटा आहेत. एक, उपचार करून फुगवटा बंद करायचा. मांडीच्या धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन, किंवा कवटी उघडून. पण जागा डावी आहे आणि शेजारी बोलण्याचं केंद्र आहे. "क्वचित शब्द जातात," ती म्हणाली. "सगळ्यांचे नाही. पण जातात." दुसरी वाट, काही न करता लक्ष ठेवायचं, पण तो फुटला तर मग बोलण्याचा प्रश्न बहुतेक उरत नाही. विश्वेशनं सरकारी माणसाच्या सवयीनं विचारलं, "आकारावरून ठरवायचा काही नियम असेल ना?" तर ती म्हणाली, "आकारावरून थोडं कळतं. पण लहानही फुटतात, आणि मोठे माणसाबरोबर म्हातारे होतात." मग तिनं कागदावर एक नदी काढली आणि तिला बाजूला एक पोट काढलं. "आत्तापर्यंतच्या चित्रात आपण रक्त बघितलं. म्हणजे पाणी. पाण्याचा आकार कळला, पण पाणी फुटत नाही, भिंत फुटते. आता आपण भिंत बघूया." तिनं नदी पेनानं काळी करून टाकली. या नव्या पद्धतीत वाहतं रक्त मुद्दाम असं काळं दाखवतात, म्हणजे काठाची ती केसाएवढी भिंत उठून दिसते. मग शिरेतून एक औषध सोडायचं आणि पुन्हा बघायचं. भिंत आतून धुमसत असेल, सुजलेली असेल, तर ती ते औषध पिते आणि चित्रात उजळते. शांत असेल तर जशी होती तशीच राहते. "उजळली तर थांबण्यात शहाणपण नाही. नाही उजळली, तर वाट बघायला हरकत नाही."

"खात्री?" ऋतानं विचारलं.

"खात्री नाही. पण नुसत्या अंदाजापेक्षा बरंच बरं."

विश्वेश त्या काळ्या केलेल्या नदीकडे बघत राहिला. भीती होती, ती होतीच. पण तिच्या बाजूला, तिला न विचारता, दुसरंच काही तरी येऊन बसलं होतं, आणि त्याला ओळखायला त्याला वेळ लागला, कारण सरकारी नोकरीत ते फारसं भेटत नाही. ते कौतुक होतं. नोकरीभर त्यानं हेच तर केलं होतं आणि हेच कुणाला पटवता आलं नव्हतं. पुनवेच्या उधाणाला पुढारी येत, पत्रकार येत, साहेब छत्री धरून येत, आणि सगळे बांधावर उभे राहून खाडीकडे बघत. पाणी केवढं चढलंय, बांधाच्या माथ्याला किती उरलंय. विश्वेश तेवढ्यात पलीकडे उतरायचा, शेताच्या बाजूला, आणि चपला काढून बांधाच्या पायथ्यानं अनवाणी चालायला लागायचा. पाण्याकडे बघून बांधाचं काही कळत नाही. पाणी येणारच, ते त्याचं काम. बांधाचं खरं काय ते सुक्या बाजूला कळतं. चालता चालता तळव्याला एके ठिकाणी माती गार लागते, किंचित दबते, आणि वर तर सगळं कोरडं, गवतसुद्धा वाळलेलं. म्हणजे आत कुर्ल्या-खेकड्यांनी बिळं केलेली आहेत आणि खाडीनं ती शोधून काढली आहेत. खात्यात त्याला 'अनवाणी साहेब' म्हणत, आणि त्यात आदर किती नि थट्टा किती याचं मोजमाप त्यानं कधी केलं नाही. एक बांध होता बुटका, वाकडा, चिपीच्या खारफुटीनं धरून ठेवलेला. दर मिरगाआधी लोक म्हणायचे, "ह्यो जातलो," आणि तो अजून आहे. दुसरा सरळ, दगडी तोंडाचा, उद्घाटनाची फरशी बसवलेला, फोटोत घ्यावा असा. तो एका दुपारी गेला, लख्ख ऊन असताना, कुणी काही बोलत नसताना. खारं पाणी शेतात पसरलं तरी भात काही दिवस हिरवंच उभं राहिलं. त्याला अजून कळलं नव्हतं. ते हिरवं भात विश्वेशच्या मनातून कधी गेलं नाही, आणि आता, त्या थंडगार खोलीत, आपण ते आहोत की काय असं त्याला एकदम वाटलं. आणि ही मुलगी सांगत होती की माणसाच्या डोक्यात, हाडाच्या आत, कुठंही न खणता, कुणी तरी सुक्या बाजूनं अनवाणी चालून बघू शकतं. हे ज्यांना सुचलं त्यांना त्यानं मनातल्या मनात खात्यात घेऊन टाकलं.

मशीनच्या खोलीत रसिका नावाची तंत्रज्ञ होती. तिनं त्याला आडवं केलं, डोक्यावर पिंजरा बसवला, कानांवर हेडफोन चढवले आणि पांढऱ्या बोगद्यात सरकवून दिलं. शुद्ध मराठीत तिनं बजावलं होतं की हलायचं अजिबात नाही, ती भिंत इतकी पातळ आहे की मान सुतभर हलली तरी चित्र फरफटतं. विश्वेशला स्वतःच्या मानेबद्दल शंका नव्हती. मग मशीन वाजायला लागलं. सुरुवातीला तो बांधकामाचा आवाज वाटला, नंतर त्याला ताल आला, आणि ताल आल्यावर माणूस किती दिवस परका राहणार. डोळे मिटलेले होते. दंडातून औषध गेलं, गार, कोपरापासून खांद्याकडे, उघाडी वर केल्यावर ओहोळाला पाणी चढतं तसं. ढोल वाजतच होते. कधी तरी ते गावच्या देवळातले झाले. सभामंडपात सगळा गाव उभा, पुढे गावकर, देवाकडे तोंड करून गाऱ्हाणं घालणारा. गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे केलेली तक्रार, मागणी आणि थोडीशी दमदाटी, एकेक ओळ तो म्हणतो आणि ओळीच्या शेवटी सगळा गाव एका घशानं म्हणतो, "व्हय म्हाराजा!" म्हणताना मान खाली जाते; ते कुणी शिकवत नाही, आईच्या कडेवर असताना तिच्या मानेबरोबर आपलीही जाते. विश्वेशच्या लहानपणी तिथं बाबूकाका असायचे, एका कानानं अधू. सगळ्या गावाचं म्हणून झालं, शांत झालं, की मागच्या खांबाजवळून त्यांचा एकट्याचा आवाज यायचा, "व्हय म्हाराजा." पोरं तोंडावर हात दाबून हसायची. बाबूकाका गेले त्या वर्षी गाव "व्हय म्हाराजा" म्हणून थांबला आणि उगाचच क्षणभर वाट बघत राहिला. कुणी हसलं नाही. आता हेडफोनमधून वरून कुणाचा तरी आवाज आला होता, पुढचं शेवटचं आहे, अजिबात हलू नका, बरं का, आणि आवाज संपून ढोल पुन्हा सुरूही झाले होते, तेव्हा विश्वेश परुळेकर, शाखा अभियंता, झोपेच्या आणि गावाच्या मध्ये कुठं तरी, मान चांगली छातीकडे नेत ठासून म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

मशीन थांबलं. त्याला बाहेर ओढलं तेव्हा रसिका काचेच्या पलीकडून आलेली होती आणि हसू दाबण्यात निम्मी वाकली होती.

"काका, तुमी खंयचे?"

"मालवण."

"तरीच. मी इन्सुलीची." शुद्ध मराठी गेलं ते गेलंच. "पंजाबचो माणूस हललो, केरळचो हललो. पण देवाक व्हय म्हणान हललेलो पयलोच."

हसणं दिव्या कामतच्या टेबलापर्यंत टिकलं नाही. पडद्यावर काळ्या पाण्याच्या काठाला एका जागी उजळल्यासारखं दिसत होतं. उजळलंय की फरफटलंय, तिला सांगता येईना. "मी यावरून काही ठरवणार नाही," ती म्हणाली. दुसरी कुणी ठरवून मोकळी झाली असती. विश्वेशला तेही कळलं. औषध पुन्हा द्यायचं तर थोडे दिवस जायला हवेत. परत या. घरी परतताना इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याहून येणाऱ्या गाड्या दारूसाठी तपासत होते. पोलिसानं खिडकीतून डोकं आत घातलं, "काय आसा?" म्हणाला, आणि भाई म्हणाला, "पेशंट आसा, बाकी काय नाय." पोलिसानं डिकीवर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि जाऊ दिलं. विश्वेशला त्याचा हेवा वाटला.

ते मधले दिवस त्यानं शब्द तपासण्यात घालवले. सकाळी दात घासताना तो मनात मासे म्हणून बघायचा, तारली, पेडवे, मोरी, शेंगटी, सौंदाळे. सगळे हजर असायचे. मग त्याच्या लक्षात आलं की ऑफिसातले शब्द आपण तपासतच नाही. सदरहू, उपरोक्त, यथावकाश, ही मंडळी गेली असती तर त्यानं डॉक्टरांना वर पेढे दिले असते. पण मेंदूत असं वेगवेगळं ठेवलेलं असतं का, आतला कारकून टेबलं लावताना विचार करतो का, हे कोण सांगणार. आणि जो शब्द गेला तो गेलाय हे तरी कुठल्या शब्दात कळणार. एका संध्याकाळी तो मागच्या पडवीत अंधार पडेपर्यंत नुसता बसून होता. आतून ऋतानं नेहमीसारखी हाक मारली, "खंय आसास?" लग्नापासून रोज तो या प्रश्नाला "हयच" म्हणत आला होता, न ऐकता, न विचार करता, आणि त्या दिवशी त्यानं तोंड उघडलं आणि तो थांबला. शब्द होता. जिभेवर होता. पण तो नसता तर काय, हे त्यानं एकदा बघून घेतलं. त्या पडवीत बसलेला माणूस, आत ती, मध्ये एक दार, आणि तिनं विचारलेलं तसंच हवेत. ती बाहेर आली. हातात नारळाची वाटी होती, खोबरं खवता खवता तशीच उठली होती.

"हाक ऐकूक येना नाय?"

"ऐकलंय."

"मग बोलनस कित्याक नाय?"

"हयच आसंय," तो म्हणाला. वाटी खाली ठेवून ती त्याच्या शेजारी बसली आणि विज्ञानाच्या बाईंनी त्याच्या दंडाला चिमटा काढला, जोरात, निळा डाग पडेल इतका. "परत असा गप रवलंस तर बघ," ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला ऋताच्या शाळेत परीक्षा होती. रजा टाकते म्हणाली, तर विश्वेशनंच नको म्हटलं, भाई होताच. रसिकानं पिंजरा बसवला, मानेच्या दोन्ही बाजूंना उशा कोंबल्या, आणि त्याच्यावर वाकून गंभीरपणे म्हणाली, "काका, आज गाऱ्हाणा मीच घालतंय. पण तुमी व्हय म्हणूचा नाय. भायर इल्यावर काय ता म्हणा." आणि खरंच, प्रत्येक ढोलाच्या आधी हेडफोनमध्ये तिचा आवाज आला, गावकराच्या चालीवर ओढलेला. ह्या काकांची मान जाग्यार ऱ्हवांदे रे म्हाराजा. चित्र सपष्ट येवांदे रे म्हाराजा. आणि प्रत्येक वेळी ओळ संपली, की विश्वेशच्या घशाशी ते दोन शब्द येऊन उभे राहिले आणि त्यानं त्यांना तिथंच धरून ठेवलं. अख्ख्या आयुष्यात इतकं अवघड काम त्यानं केलं नव्हतं. देवाला नाही म्हणणं सोपं. होय न म्हणणं फार कठीण. औषध दंडातून चढलं. तो त्याच्याबरोबर आत गेला. काळ्या पाण्याच्या कडेकडेनं, सुक्या बाजूनं, चपला काढून. प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता गार लागेल, आता दबेल. बाहेर एक मुलगी काचेआड बसून, कुणाच्या तरी काकाच्या केसाएवढ्या भिंतीसाठी, बटणं दाबत देवाशी भांडत होती. त्याला वाटलं, काय लागेल ते लागो, पण बघणारे इतके चांगले मिळाले.

दिव्या कामतनं पडदा त्याच्याकडे फिरवला. शेजारी शेजारी दोन चित्रं होती, औषधाआधीचं आणि नंतरचं. दोन्हींत तीच काळी नदी, तेच काळं पोट, आणि भोवती तीच फिकट, बारीक, जेमतेम असलेली रेघ. त्यानं एकातून दुसऱ्यात फरक शोधला, नंतर ती काही बोलायच्या आत पुन्हा शोधला.

"प्यायली नाही," ती म्हणाली. "कुठंच नाही. मागचं होतं ते तुमच्या मानेचं."

"म्हणजे फुटणार नाही?"

"असं मी म्हटलेलं नाही. सध्या शांत आहे. रक्तदाब सांभाळा, तंबाखू असेल तर आजपासून नाही, काही महिन्यांनी परत बघू. आत्ता हात लावायची गरज मला दिसत नाही."

विश्वेशला हसू आलं, आणि ते आवरेना. दर पावसाळ्याआधी, दर बांधाच्या अहवालाखाली, त्यानं स्वतः एकच वाक्य लिहिलं होतं: सद्यस्थितीत बांध सुस्थितीत आहे. आणि दर वर्षी कुणी तरी सरपंच त्यातल्या पहिल्या शब्दावर बोट ठेवून ओरडला होता, "सद्यस्थितीत म्हंजे कदीसर ओ? रातच्यापर्यंत?" त्याला वाटायचं, हा शब्द म्हणजे सरकारी पळवाट. आता तोच शब्द टेबलाच्या या बाजूला बसून ऐकताना त्याला कळलं की हाच अहवालातला खरा शब्द होता. याच्याहून जास्त ज्यांनी सांगितलं असतं ते खोटं बोलले असते, आणि एवढं सांगता यावं म्हणून कुणी तरी आधी रक्त काळं करायला शिकलं होतं. हे तिला सांगावं असं त्याच्या मनात होतं. "आभारी आहे," एवढंच बाहेर पडलं, आणि तेही ऑफिसातलं.

बाहेर मशीनच्या खोलीसमोरच्या बाकावर भाई मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याच्या ओळीत नंबर लागायची वाट बघणारे होते: सावंतवाडीचा पाठ धरलेला मास्तर, मांडीवर फाइल घेतलेली बांद्याची म्हातारी, वेंगुर्ल्याचं एक जोडपं. दार उघडून रसिका पुढच्याला बोलवायला आली, आणि विश्वेशला बघून तिथंच थांबली.

"काय सांगल्यानी?"

"गप आसा. सध्या."

तिनं हातातले हेडफोन तसेच धरून हात जोडले, मशीनकडे की आणखी कुणाकडे कोण जाणे, आणि अर्धं थट्टेत सुरू केलं, पण दोन शब्दांत थट्टा संपली. "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराची भिंत आजपर्यंत जशी राखलंस, तशीच पुढेय राख रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" अख्खा बाक म्हणाला. मास्तर म्हणाला, म्हातारी फाइल सावरत म्हणाली, वेंगुर्ल्याची दोघं म्हणाली, भाई वर न बघता म्हणाला. पलीकडे 'शांतता राखा'च्या पाटीखालची नर्स दचकून उठली. मग शांत झालं. त्या शांततेत विश्वेश उभा होता, तोंड उघडं, आणि दोन शब्द घशाशी होते, धरून ठेवलेले, आणि आता सोडा म्हटलं तरी सुटत नव्हते. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आणि मग, सगळ्यांच्या मागून, एकट्यानं, मान अगदी छातीला टेकेपर्यंत खाली नेत, तो म्हणाला, "व्हय म्हाराजा."

भाईनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "बाबूकाको इलो," तो म्हणाला, आणि घाईघाईनं उठून खिशात गाडीची चावी शोधायला लागला. ती त्याच्या हातातच होती.